दादरचं मुलांचं समुपदेशन केंद्र: आईवडील वेगळे होत असताना तीन नातवंडांना घेऊन दीड वर्ष गेले, त्याचा अनुभव

आधी पैशांचं सांगते. फोन लावताना प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो आणि तिथे फोन उचलणारी मुलगी त्याचं सरळ उत्तर देत नाही, "एकदा येऊन भेटा" म्हणते. तर एका मुलाचं पाऊण तासाचं सत्र १,५०० रुपये. आईवडिलांशी बोलायचं सत्र वेगळं, १,८००. आमची मुलं तीन. तिसऱ्या आठवड्यानंतर मी स्पष्ट विचारलं, तेव्हा मुलांच्या सत्राचे १,००० केले आणि शेवटपर्यंत तेच ठेवले. म्हणजे सवलत आहे, पण मागावी लागते, कुठे लिहिलेलं नाही. जून २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या काळात तिघांची मिळून ४४ सत्रं झाली, आईबाबांची सहा. साठ हजारांच्या आसपास खर्च आला. माझ्या पेन्शनमधून केला आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

केंद्राचं नाव लिहीत नाही. नातवंडं शाळेत जाणारी आहेत, मुलुंडात आम्हाला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत आणि मुलांची गोष्ट सांगायची तर त्यांच्या पाठीवर पाटी लावून सांगता येत नाही. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, एवढं पुरे. अशा ठिकाणी जाताना काय बघावं, काय विचारावं, यासाठी लिहिते आहे.

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं सिस्टर होते, त्यातली ११ वर्षं मुलांच्या वॉर्डात. त्यामुळे मूल काही बोलत नसलं तरी त्याचं काहीतरी दुखतंय हे मला कळतं. काय दुखतंय ते मात्र घरच्या मुलांच्या बाबतीत मला कळलं नव्हतं.

माझी लेक २०२२ च्या गणपतीनंतर तिघांना घेऊन आमच्याकडे आली. दोघांचं पटेनासं झालं होतं. कोणाचं किती चुकलं ते सांगायची ही जागा नाही. वर्ष वेगळं राहिल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये दोघांनी मिळून बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, परस्परसंमतीचा. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते सहा महिने माफ करून घेता येतात, वकिलांनी तसं सुचवलंही होतं. लेकीनेच नको म्हटलं. मुलांना केंद्रात जायला लागून चारच महिने झाले होते, त्यांना तेवढा वेळ मिळू दे म्हणाली. मे २०२४ मध्ये निकाल लागला. मुलं आईकडे, एक शनिवार सोडून एक शनिवार-रविवार बोरिवलीला बाबांकडे.

पहिल्या दिवशी मी तिघांनाही बरोबर घेऊन गेले. मला वाटलं होतं, तिघांना समोर बसवून कोणीतरी चार समजुतीच्या गोष्टी सांगेल. तिथल्या समुपदेशक बाईंनी (मुलं त्यांना ताई म्हणतात, मीही तेच म्हणते) तिघांकडे बघितलं, वयं विचारली. तेव्हा धाकटा पाच वर्षांचा, मधली नऊची, थोरला चौदा. मला म्हणाल्या, "आजी, तिघांचे तीन केसपेपर काढू या. एकत्र नको." केसपेपर हा शब्द माझ्या ओळखीचा. त्या एका वाक्यावर मी तिथे थांबले. इतर दोन ठिकाणी फोन केला होता, तिथे "सिब्लिंग पॅकेज", म्हणजे भावंडांचं एकत्रच, देतो म्हणाले होते.

धाकट्याचं सांगते.

आमच्याकडे आल्यावर महिन्याभरात तो रात्री गादी ओली करायला लागला. तीन वर्षांचा असतानाच त्याची ती सवय सुटली होती. मी आधी लघवीची रुटीन आणि कल्चर करून घेतलं. सगळ्यांनी आधी तेच करावं, उगाच सगळं मनावर ढकलू नये. काही निघालं नाही. मग अंगठा तोंडात जायला लागला, बोबडं बोलायला लागला, "मला भलव" म्हणायचा. लेक कामावर निघाली की तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभा. घरात सगळे म्हणत, लहान आहे, त्याला काय कळतंय, सर्वांत कमी त्रास यालाच होणार.

ताईंच्या छोट्या खोलीत एक उथळ लाकडी पेटी आहे, आतून निळी रंगवलेली, तिच्यात बारीक वाळू. वाळू बाजूला केली की खाली निळं दिसतं, म्हणजे पाणी. शेजारी फडताळात लहान लहान वस्तू: घरं, माणसं, झाडं, गाड्या, वाघ, देवळं, एक तुळशीवृंदावनसुद्धा. मुलाने हवं ते घ्यायचं, हवं तसं मांडायचं. ताईंनी सांगितलं की लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९२० च्या दशकात मुलांसाठी ही पद्धत सुरू केली. ज्या मुलाकडे शब्द नाहीत त्याच्याकडे हात असतात, एवढंच त्या म्हणाल्या आणि मला बाहेर बसवलं. दार उघडं असायचं. मी बाकावरून बघायची.

पहिल्या तीन वेळा त्याने एक घर वाळूत पुरलं, वर थापट्या मारल्या, परत उकरून काढलं. बस्स. पाऊण तास तेच. १,५०० रुपयांत हेच चाललंय का, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. चौथ्या वेळी त्याने पेटीच्या दोन टोकांना दोन घरं ठेवली आणि मधे लाकडी ठोकळे रचायला लागला. ताई काही विचारत नव्हत्या, फक्त "अच्छा, एवढा उंच" असं म्हणत होत्या. ठोकळे पडायचे, तो परत रचायचा. मग फडताळातलं सगळ्यांत लहान माणूस उचलून त्याने ठोकळ्यांवर ठेवलं आणि म्हणाला, "हा दादरचा पूल." मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे दादरला उतरून पूल ओलांडून पश्चिम रेल्वेला जायचं, हे त्याला पाठ होतं. "हा पुलावर काय करतोय?" ताईंनी विचारलं. म्हणाला, "तो उभाय. त्याने दूध सांडलं ना."

ते दूध माझ्या लक्षात यायला वेळ लागला. घर सोडायच्या दोन दिवस आधी त्याच्या हातून बाबांच्या लॅपटॉपवर बोर्नव्हिटाचा कप लवंडला होता. बाबा ओरडले होते. दोन दिवसांनी आई आपल्याला घेऊन निघाली. त्या पोराने हे दोन एकाला एक जोडले आणि दहा महिने ते पोटात घेऊन फिरत होता. नर्सिंगला असताना आम्ही मुलं कसा विचार करतात हे सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे पाठ केला होता: दोन ते सात या वयात मूल स्वतःला सगळ्याच्या मधोमध ठेवून विचार करतं, चंद्रसुद्धा आपल्यामागे चालतो असं त्याला वाटतं. परीक्षेत दहापैकी आठ मिळाले होते मला त्या प्रश्नाला. तेच आपल्या घरात, आपल्या मांडीवर झोपणाऱ्या मुलाच्या डोक्यात चाललंय हे सुचलं नाही.

ताईंनी मला "तुम्ही त्याला समजवा" असं म्हटलं नाही. त्यांनी बाबांना बोलावलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बरीच ठिकाणं ज्याने मुलाला आणलं त्याच्याशीच बोलतात. बाबा आले, ऐकलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी त्याला तोच लॅपटॉप उघडून दाखवला, चालू करून दाखवला, दुसऱ्याच दिवशी सुरू झाला होता म्हणून सांगितलं. आणि सांगितलं की बाबा आणि आईचं मोठ्यांचं भांडण होतं, दुधाचं नव्हतं. ताईंनी बजावलं होतं की या वयाला एकदा सांगून भागत नाही, महिनाभर सांगत राहा, त्याच शब्दांत. दिवाळीनंतर गादी कोरडी राहायला लागली. मधून एखादी रात्र जायची, विशेषतः बोरिवलीहून परत आल्यावर. ताई म्हणाल्या, त्याकडे लक्ष देऊ नका, चादर बदला आणि झोपा.

त्याला "पुढच्या शनिवारी" म्हणजे किती लांब हे कळत नव्हतं. ताईंनी दोन रंगांचे गोल चिकटवलेली एक लांब पट्टी करून दिली, रोज रात्री एक गोल काढायचा. दहा रुपयांच्या कार्डपेपरचं काम, पण आमच्या घरातलं रोजचं "बाबा कधी?" त्यामुळे निम्म्यावर आलं.

मधलीला सगळ्यांत जास्त वेळ लागला. १९ सत्रं.

आमच्याकडे आली तेव्हा ती आठ वर्षांची होती. पहिले काही महिने ती मोकळेपणी रडायची, कोणी न विचारता रडायची. रात्री जेवायला बसताना एक ताट जास्त मांडायची. आजोबा म्हणाले, "अगं, सहाच आहोत आपण," तर म्हणायची, "असू दे." लग्नाचा अल्बम तिने तिच्या दप्तराच्या कप्प्यात आणला होता. आईच्या वाढदिवसाला तिने बाबांना गुपचूप फोन करून बोलावलं होतं, आईलाही सांगितलं नव्हतं. दोघं एकमेकांसमोर आले की सगळं ठीक होईल, असा तिचा बेत. ते आले नाहीत. त्यानंतर तिचं रडणं बंद झालं आणि राग सुरू झाला.

राग सगळा आईवर. "तूच आम्हाला घेऊन आलीस." आईने वेणी घातलेली चालेना, आईने भरलेला डबा तसाच परत. बाबा मात्र देव. लेक रात्री माझ्याजवळ येऊन रडायची, की शाळा मी बघते, ताप मी काढते आणि ही मलाच बोलते. ताईंनी तिला जे सांगितलं ते मला फार पटलं: ज्याच्या जाण्याची भीती वाटत नाही त्याच्यावरच मूल रागावतं. बाबांवर रागावलं आणि ते यायचेच बंद झाले तर? आई कुठे जात नाही, म्हणून सगळं आईच्या वाट्याला.

आणि दर दुसऱ्या शुक्रवारी पोटदुखी. खरी पोटदुखी, घाम फुटायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही नाही.

इथे ताईंची एक चूक झाली, तीही सांगते. दुसऱ्याच भेटीत त्यांनी तिला "तुझं कुटुंब काढ" म्हटलं. तिने आई, दोन भाऊ, आजी-आजोबा काढले. ताईंनी विचारलं, "बाबा नाही काढले?" झालं. तिने खडू खाली ठेवला, पुढची दोन सत्रं ती खुर्चीत बसून फक्त घड्याळाकडे बघत होती. त्या दोन सत्रांचे पैसे आम्ही भरले. तिसऱ्या वेळी ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी चुकीचं विचारलं. तुझ्या चित्रात कोण असावं हे तू ठरवायचंस." नऊ वर्षांच्या मुलीची मोठ्या माणसाने माफी मागितलेली मी फार थोड्या वेळा बघितली आहे. तिने खडू उचलला नाही, पण दप्तरातून एक वही काढून दिली.

त्या वहीत हिशोब होता. बाबांनी कधी फोन केला, किती मिनिटं, कधी करतो म्हणून केला नाही. आई कोणत्या दिवशी किती वाजता घरी आली. थोरल्याला बाबांनी बूट घेतले, धाकट्याला सायकल, मला काय. आणि मागच्या पानावर निरोपांची यादी: "आईने सांगितलंय व्हॅनची फी राहिली." "बाबांनी विचारलंय मार्कशीट कधी." "आजीने सांगितलंय स्वेटर तिकडे राहिलाय." तो तिसरा निरोप माझा होता. आम्ही सगळे मोठे एकमेकांशी बोलायचं टाळत होतो आणि आमचं टपाल नऊ वर्षांची मुलगी वाहत होती. पैशांचा निरोप द्यायचा म्हणजे बाबांचा चेहरा उतरणार, हे तिला माहीत. शुक्रवारची पोटदुखी ती होती.

ताईंनी त्याच वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली. एकीकडे "माझं काम", दुसरीकडे "मोठ्यांचं काम". ती एकेक निरोप वाचायची आणि स्वतःच ठरवायची कुठे लिहायचं. जवळजवळ सगळे मोठ्यांच्या बाजूला गेले. "माझं काम" खाली राहिलं: अभ्यास, कथ्थक, मांजरीला दूध. मग आई आणि बाबा दोघांना एकत्र बोलावून ताईंनी कागदावर सह्या घेतल्या की मुलीमार्फत एकही निरोप जाणार नाही, पैशांचा तर नाहीच. जे असेल ते ईमेलवर. त्या सत्राला लेकीचे आणि जावयांचे आवाज चढले होते, बाहेर ऐकू येत होते. पण सह्या झाल्या आणि दोघांनी त्या पाळल्या. मीही पाळते. स्वेटर बोरिवलीला राहिला तर राहू दे, दुसरा घालू.

त्या काळात तिच्या शाळेत एक प्रकार झाला. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही नव्हती म्हणून वर्गासमोर उभं करून विचारलं, "बाबा कुठे असतात?" ती काही बोलली नाही, घरी येऊन दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. ताईंनी शाळेला पत्र दिलं, अर्ध्या पानाचं, कोणतीही खाजगी माहिती न लिहिता, की कोणत्याही एका पालकाची सही चालवावी आणि असे प्रश्न मुलीला विचारू नयेत. त्या पत्राचे वेगळे पैसे घेतले नाहीत. घटस्फोट चालू असेल तर शाळेत निदान वर्गशिक्षिकेला आधी एकदा भेटून सांगा. आम्ही लाजेपोटी सांगितलं नव्हतं, त्याची किंमत तिने मोजली.

आता थोरला. त्याच्याबद्दल आम्ही सगळे निर्धास्त होतो. तो समजूतदार, मोठा, काही मागत नाही, काही बोलत नाही. नववीत होता. फुटबॉल सोडला, म्हणाला अभ्यास आहे. विजेचं बिल आलं की उघडून बघायचा. लेकीला उशीर झाला की स्टेशनवर आणायला जाऊन उभा राहायचा. आजोबांना विचारलं, "माझ्या क्लासची फी अर्धी करून मिळेल का?" शेजारी कौतुक करायचे, घरचा कर्ता झाला म्हणून. मीही केलं कौतुक. एका रात्री धाकट्याला झोपवताना सहज म्हणाला, "मी तर लग्नच करणार नाहीये."

त्याने खोलीत बसायला साफ नकार दिला. वाळू, खडू, बाहुल्या बघून म्हणाला, "मी काय लहान आहे?" ताईंनी जबरदस्ती केली नाही. आईची परवानगी घेतली आणि त्याला घेऊन चालायला गेल्या, शिवाजी पार्कच्या कट्ट्याच्या कडेने, संध्याकाळी. समोरासमोर डोळ्यांत बघून न बोलणारी मुलं शेजारी चालताना बोलतात, हे त्यांचं म्हणणं. पहिल्या फेरीत ते दोघं नेटमध्ये चाललेल्या बॉलिंगवर बोलले, एवढंच त्याने घरी सांगितलं. पुढचं मला ठाऊक नाही.

आणि ते मला आधी खुपलं. मी विचारलं, "काय म्हणाला?" ताई म्हणाल्या, "आजी, त्याच्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मी त्याच क्षणी तुम्हाला सांगेन. बाकी त्याचं त्याच्यापाशी." पैसे मी देते आणि मलाच सांगत नाहीत, असं वाटलं होतं. पण त्याला हे कळल्यावरच तो दुसऱ्यांदा गेला. या वयाच्या मुलासाठी कुठेही जाणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, की मुलाचं बोलणं घरी सांगणार का. "हो, सगळं सांगतो" म्हणणाऱ्यांकडे पाठवू नका.

दोन गोष्टी मात्र त्याने स्वतःच सांगितल्या. एक म्हणजे कोर्टाची भीती. सिनेमात बघून त्याला वाटत होतं की आपल्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून "आई की बाबा?" असं विचारणार. ताईंनी त्याला खरं ते सांगितलं: मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याचं मत विचारात घेऊ शकतं, १८९० च्या पालकत्व कायद्यातच तसं आहे, पण इथे दोघांनी आपसात ठरवून लिहून दिलंय आणि कोणी बोललंच तर शांतपणे, बसून बोलेल. आठ महिने तो पोरगा मनात उत्तर घोटत होता, कोणाला वाईट वाटणार नाही असं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. त्याने इंटरनेटवर वाचलं होतं की घटस्फोटित घरातल्या मुलांचं पुढे काही खरं नसतं. ताई त्याला धीर देण्यासाठी गोड बोलल्या नाहीत, अभ्यासच दाखवला. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा घरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांना घटस्फोटित घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांत गंभीर अडचणी दिसल्या, न मोडलेल्या घरांत १० टक्के. थोरला गणितातला. घरी येऊन मला म्हणाला, "आजी, म्हणजे धोका अडीचपट आहे, पण पंचाहत्तर टक्के बरे आहेत." हे त्याने दोन्ही बाजूंसकट सांगितलं, यातच मला समाधान. दहावीच्या वर्षी त्याने फुटबॉल परत धरला, आठवड्यातून एकदा. बिलं अजूनही उघडतो.

आईबाबांच्या एका सत्राला मीही बसले होते. तिथे ताईंनी आणखी एका जुन्या अभ्यासाचं सांगितलं, १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात वॉलरस्टीन आणि केली या दोघींनी सुरू केलेल्या. ६० कुटुंबं, १३१ मुलं. मुलाचं वय काय यावर त्याचं दुःख कसं दिसणार हे बरंचसं ठरतं, असं त्यांना आढळलं. शाळेआधीची मुलं मागे जातात, म्हणजे सुटलेल्या लहानपणच्या सवयी परत धरतात, स्वतःला दोष देतात. सहा ते आठची शोक करतात, आईबाबा परत एकत्र येण्याची वाट बघतात. नऊ ते बाराची रागावतात, बाजू घेतात. त्यापुढची एकदम मोठी होतात किंवा घरापासून लांब जातात. ती अमेरिकेची, पन्नास वर्षांपूर्वीची मुलं. आमच्याकडे आजी-आजोबा आहेत, सोसायटी आहे, गणपतीला कोण येणार हा प्रश्न आहे. सगळं तसंच्या तसं लागू होत नाही, हे ताईंनी स्वतःच सांगितलं. तरी ऐकताना लेक माझ्याकडे बघत होती, कारण आमच्या घरातली ताटं, वही आणि ओली गादी, सगळं त्यात होतं.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार बाहेरच्या खोलीची. पहिल्याच महिन्यात काउंटरवरच्या मुलीने मोठ्याने हाक मारली, "डिव्होर्सवाले तीन मुलं, मुलुंड!" आठ-दहा माणसं बसली होती. मधलीने माझा हात सोडला आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. मी ताईंना त्याच वेळी सांगितलं, त्यांनी माफी मागितली, नंतर नंबराने बोलवायला लागले. पण जिथे मुलांचं मन सांभाळायचं तिथे हे आधीच सुचायला हवं होतं.

सुरुवातीचा फॉर्म नऊ पानी, सगळा इंग्रजीत. माझ्या लेकीने भरला, पण एकट्या आजी-आजोबांनी मूल आणलं तर काय? दादरमध्ये बसून मराठी फॉर्म नसावा, हे बरोबर नाही. अहवालही इंग्रजीतच आला. मी मागितल्यावर मराठीत करून दिला, पण तीन आठवड्यांनी.

गटाचं सत्र आमच्यासाठी फसलं. थोरल्याला दहा-अकरा वर्षांच्या मुलांबरोबर बसवलं, तो वीस मिनिटांत उठून आला आणि महिनाभर परत जायला तयार झाला नाही. वयानुसार वेगळं बघणं हेच ज्यांचं बलस्थान, त्यांच्याकडून ही चूक व्हायला नको होती. शनिवारची वेळ मिळायला दीड महिना लागतो. लिफ्ट नाही, माझे गुडघे बोलतात, पण गरोदर बाई किंवा व्हीलचेअरवरचं मूल तिथे पोहोचणारच नाही.

पैसे परवडत नसतील त्यांनी थांबू नये. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, रांग मोठी असते, पण डॉक्टर चांगले आहेत, हे मी आतून बघितलं आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुलाला मारहाण किंवा धोका असेल तर १०९८.

पाचपैकी चार. एक बाहेरच्या खोलीसाठी कापला.

वेळ घ्यायची तर मधल्या वारांची दुपारची घ्या, तेव्हा ताईंना घाई नसते. लहान मुलाला दोन कपडे जास्त न्या, वाळू सगळीकडे जाते. आमच्या धाकट्याच्या खिशातून ती अजून निघते, आणि तो ती परत द्यायला जाऊ या म्हणून मागे लागलाय. पुढच्या बुधवारी त्याला घेऊन जाणार आहे, सत्र नाही, नुसतं भेटायला.